दुखणं सांगायचं कसं आणि गोळी घ्यायची कधी

 

सध्या भातलावणीचे दिवस आहेत. दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायला बसायचं. अशा दिवसांत गटाची बैठक भरली की हप्ता किती जमला यापेक्षा कंबर कुणाची किती धरली, हीच चर्चा जास्त होते. मग कुणाच्या तरी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट निघतं. "ही घे गं, मला चांगली लागू पडते." एकीच्या दाढेला दिलेली गोळी दुसरीच्या कमरेसाठी जाते आणि तिसरीच्या गुडघ्यासाठी घरी नेली जाते.

आणि हीच बाई दवाखान्यात गेली आणि सिस्टरनी विचारलं, "मावशी, किती दुखतंय?" की उत्तर देते, "बरं आहे, होतंय कमी."

म्हणून आज आपण दुखण्याविषयी बोलणार आहोत. रुग्णालयात दुखण्याबद्दल प्रश्न का विचारतात, त्याच्या उत्तरावरून कोणतं औषध द्यायचं हे कसं ठरतं, आणि त्यातली काही औषधं एका देशात वारेमाप वाटली गेली, तर आपल्या देशात मरणाच्या दारातल्या माणसालाही मिळाली नाहीत, असं का झालं, ते बघू. शेवटी आपण आपलं दुखणं कसं सांगायचं, तेही बघू.

शून्य ते दहा म्हणजे काय

रुग्णालयात भरती झाल्यावर सिस्टर ताप बघतात, नाडी मोजतात, श्वास मोजतात, बीपी घेतात. ही चार मापं यंत्रानं किंवा घड्याळानं कळतात. दुखणं मात्र कोणत्याच यंत्रात दिसत नाही. ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून ते विचारावं लागतं.

विचारायची साधी पद्धत अशी आहे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही. मग तुमचं दुखणं कितीचं? साधारण एक ते तीन म्हणजे थोडं, चार ते सहा म्हणजे मध्यम आणि सात ते दहा म्हणजे फार, असं धरतात. ज्यांना आकड्यात सांगता येत नाही त्यांच्यासाठी चेहऱ्यांची पट्टी असते. पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा रडणारा. रुग्णानं आपल्यासारखा चेहरा बोटानं दाखवायचा. ही पट्टी अमेरिकेत 1983 च्या सुमाराला लहान मुलांसाठी तयार झाली. आता मोठ्यांसाठीही वापरतात. आपल्या देशात रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी एन.ए.बी.एच. नावाची व्यवस्था आहे. तिच्या नियमांतही रुग्णाचं दुखणं विचारून नोंदवावं, असं आहे. त्यामुळे मोठ्या खाजगी रुग्णालयात केस पेपरवर दुखण्याचा रकाना दिसतो.

आता हा आकडा आणि औषध यांचं नातं बघू. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या रुग्णांसाठी एक तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. थोडं दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं. तेवढ्यानं भागलं नाही तर त्याच्या जोडीला कोडीनसारखं सौम्य अफूवर्गीय औषध. आणि फार दुखत असेल तर मॉर्फिन. अफूवर्गीय म्हणजे काय? खसखशीच्या झाडाच्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, ती अफू. मॉर्फिन आणि कोडीन अफूतून मिळतात. ट्रॅमाडॉल आणि फेंटानिल कारखान्यात तयार होतात, पण काम त्याच जातीचं करतात. ही औषधं मेंदूपर्यंत पोचणारं दुखणं थोपवतात. मोठ्या दुखण्यावर यांच्याइतकी दुसरी फारशी औषधं नाहीत. पण मात्रा जास्त झाली तर गुंगी येते आणि श्वास मंदावतो. गरज नसताना घेत राहिलं तर सवय लागते.

म्हणजे तुम्ही दोन सांगितलं की एक औषध आणि आठ सांगितलं की दुसरं. म्हणून या आकड्याची गोष्ट समजून घ्यायची.

अमेरिकेत नियमाचं काय झालं

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ऑपरेशन झालेले आणि कॅन्सरचे रुग्ण उगाचच दुखणं सोसत पडून राहतात, कारण त्यांना कुणी विचारत नाही. हे खरंच होतं. मग 1995 च्या सुमाराला तिथल्या वेदनातज्ज्ञांनी मागणी केली की ताप, नाडी, श्वास आणि बीपी यांच्या जोडीला दुखणं ही पाचवी खूण माना आणि प्रत्येकाला विचारा. 2001 पासून तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं तसा नियमच केला. दुखणं विचारलं का, लिहिलं का, त्यावर काही केलं का, याची तपासणी होऊ लागली. पुढे घरी गेलेल्या रुग्णांनाही प्रश्नावली जाऊ लागली. "तुमचं दुखणं नीट आटोक्यात ठेवलं का?" आणि या उत्तरांवर सरकारकडून रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशाचा काही भाग अवलंबून राहिला.

बघा, नियमात कुठंही "अफूवर्गीय गोळी द्या" असं लिहिलेलं नव्हतं. हेतूही चांगला होता. पण आकडा खाली आणायचा सगळ्यात झटपट मार्ग गोळीच होता. मालिश, शेक, व्यायाम, शेजारी बसून धीर देणं, दुखण्याचं मूळ शोधणं, या सगळ्याला वेळ लागतो. गोळीला पाच मिनिटं पुरतात. काही रुग्णालयांत तर अमुक आकड्याच्या वर दुखलं की अमुक औषध, असा तक्ताच झाला. फ्लोरिडा राज्यातल्या एका कॅन्सर रुग्णालयातला अभ्यास 2005 साली छापून आला. आकड्यावरून औषध द्यायला लागल्यावर औषधामुळे धोकादायक गुंगी आलेल्या रुग्णांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं.

त्यात औषध कंपन्यांनी हात धुऊन घेतले. 1996 साली पर्ड्यू फार्मा नावाच्या कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि हिची सवय फारशी लागत नाही, असं डॉक्टरांना सांगत सुटली. 2007 साली या कंपनीनं सवयीच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचं न्यायालयात कबूल केलं. तोवर कंबरदुखी, दाढ काढणं, पाय मुरगळणं अशा साध्या कारणांसाठीही या गोळ्या घरोघरी पोचल्या होत्या. गोळी मिळेनाशी झाली तसे काही लोक चोरट्या बाजारातल्या हेरॉइनकडे वळले, आणि पुढे तर चोरून बनवलेल्या फेंटानिलनं कहर केला. 1999 ते 2022 या काळात अमेरिकेत अफूवर्गीय औषधांच्या आणि अमली पदार्थांच्या जास्त मात्रेनं सात लाखांहून जास्त माणसं गेली.

मग नियम बदलले. 2016 साली तिथल्या डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं दुखण्याला पाचवी खूण म्हणणं सोडा, असा ठराव केला. 2018 पासून रुग्णालयांचे नियम सुधारले. आता नुसता आकडा विचारून भागत नाही. दुखण्यामुळे रुग्णाला काय करता येत नाही, औषधाशिवाय दुसरं काय करता येईल आणि गोळीचा धोका त्याला किती आहे, हेही बघावं लागतं. रुग्णालयाच्या पैशाला जोडलेले दुखण्याचे प्रश्नही काढून टाकले.

आपल्याकडे उलटंच घडलं

आता तुम्ही म्हणाल, मग आपलंच बरं, कुणी विचारत नाही आणि कुणी देत नाही. तसं नाही मैत्रिणींनो.

आपल्या देशात अफूची शेती सरकारी परवान्यानं होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी ती पिकवतात. नीमच आणि गाझीपूर इथं सरकारी कारखाने आहेत. जगभरच्या औषध कारखान्यांना भारतानं अफू पुरवली. पण आपल्याच कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिनची गोळी मिळेना. असं का?

1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. त्याला एन.डी.पी.एस. कायदा म्हणतात. हेतू इथंही चांगला होता, नशेचा व्यापार रोखायचा. पण मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला एकाच वेळी अनेक खात्यांचे परवाने लागायचे. ते एकाच वेळी चालू असायला हवेत. एकाची मुदत संपली की औषध बंद. नोंदीत चूक झाली तर दहा-दहा वर्षांच्या तुरुंगाची भीती. डॉक्टर आणि औषध दुकानदार घाबरले. त्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. 1997 साली एवढ्या मोठ्या देशात मिळून फक्त 18 किलो मॉर्फिन वापरलं गेलं. आपल्या इंद्रायणी तांदळाचं 25 किलोचं पोतं डोळ्यापुढे आणा. त्याहूनही कमी, आणि तेही सगळ्या भारतासाठी, वर्षभराला.

यातून आणखी एक वाईट गोष्ट झाली. डॉक्टरांच्या एका पिढीनं मॉर्फिन द्यायचं कसं, हे शिकूनच घेतलं नाही. जे औषध द्यायचंच नाही, त्यासाठी दुखणं मोजायचं तरी कशाला? विचारणंही मागे पडलं.

हे बदलायला केरळमधल्या डॉक्टर एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2014 साली संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन अशी सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध प्रशासनाकडून एकच मान्यता लागते. तिथं वेदनेच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असला पाहिजे आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवली पाहिजे. कायदा सुटसुटीत झाला. पण जुनी भीती अजून गेलेली नाही. ती डॉक्टरांच्या मनात आहे, आणि आपल्या घरातही आहे.

आपल्या राज्यातल्या दोन गोष्टी

1986 साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात महाराष्ट्रात दोन कामं सुरू झाली. पुण्यात डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तेव्हा ब्राऊन शुगरनं, म्हणजे अफूपासून केलेल्या नशेनं, तरुण पोरं वाया चालली होती. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढता यावेत म्हणून काढलेलं देशातलं ते पहिलं ठिकाण. एकीकडे अफूच्या नशेतून माणसं सोडवायची आणि दुसरीकडे अफूच्याच औषधानं माणसाला वेदनेतून सोडवायचं. दोन्ही कामं खरी आणि दोन्ही गरजेची. एकाच्या भीतीनं दुसरं बंद करून चालत नाही.

त्याही आधीची एक गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी घाटावरून आणि कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बायका तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जायच्या. बाळ झोपून राहायचं. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळाला बघायला कुणी नव्हतं आणि खाडा झाला की मजुरी जायची. पण बाळ का रडतंय, भुकेनं की पोटदुखीनं, हे त्या गोळीनं कधीच कळू दिलं नाही. कितीतरी बाळं त्यात दगावली. आज आपण चिखलातून येऊन कारण न विचारता गोळी गिळतो, तेव्हा स्वतःला बाळगोळीच चाटवतो.

बाई दुखणं का सांगत नाही

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की बाईच्या जातीला सोसावं लागतं. पाळीत दुखणारच, बाळंतपणात दुखणारच, चाळिशीनंतर गुडघे धरणारच. दवाखान्यात गेलं तरी उत्तर बहुतेक वेळा बरोबर आलेलं माणूस देतं. डॉक्टर विचारतात बाईला आणि सांगतो नवरा, नाहीतर सासूबाई.

आमच्या एका गटातल्या वहिनींचं सिझेरियन झालं. सिस्टर दिवसातून तीनदा विचारायच्या. घरची माणसं समोर असायची, म्हणून वहिनी प्रत्येक वेळी "बरं आहे" म्हणायच्या. केस पेपरवर कमी दुखतंय असंच लिहिलं गेलं आणि औषधही तेवढंच मिळालं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या लक्षात आलं की या बाईला उठून बसता येत नाही आणि म्हणून बाळाला नीट पाजताही येत नाही. तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवून पुन्हा विचारलं. आकडा निघाला आठ. इथं नियम होता, विचारणारी होती, औषधही होतं. उत्तर मात्र खरं आलं नव्हतं.

आपल्या भाषेत दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत

नुसता आकडा सांगणं जमत नसेल तर हरकत नाही. आपल्या मराठीत दुखण्याचे इतके शब्द आहेत की ते नीट वापरले तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. पोटात कळ येते आणि जाते, हे वेगळं. फोड किंवा दाढ ठसठसते, ते वेगळं. तिथं पू असू शकतो. हाड ठणकतं. पाठीत उसण भरते. कमरेतून पायापर्यंत चमक जाते. तळपायाची आग होते, मुंग्या येतात. शुगर असलेल्या बाईला ही आग आणि मुंग्या शिरांच्या त्रासामुळे येतात, आणि त्याला नेहमीची दुखण्याची गोळी फारशी चालत नाही. त्याची औषधंच वेगळी असतात. छातीवर दाब आल्यासारखं वाटून जबडा किंवा डावा हात भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर आकडा सांगत बसू नका. ताबडतोब 108 ला फोन करा.

डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा. एक, कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा. दोन, कसं दुखतं, कळ, ठणका, आग की चमक. तीन, कधीपासून आणि कोणत्या वेळी. चार, कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं. आणि पाच, सगळ्यात महत्त्वाचं, त्या दुखण्यापायी काय करता येत नाही. "हंडा उचलता येत नाही." "रात्री दोनदा उठून बसते." "बाळाला मांडीवर घेता येत नाही." नुसत्या सात या आकड्यापेक्षा हे वाक्य डॉक्टरांना जास्त सांगून जातं. औषध लागू पडलं का, हेही त्यावरूनच कळतं. उद्या हंडा उचलता आला की समजायचं, फरक पडला.

मॉर्फिन लिहून दिलं तर

आपल्या भागातल्या बायकांत स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा आणि मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर दिसतो. आजार पुढे गेला की वेदना फार होतात. ओळखीतल्या एका घरात डॉक्टरांनी आजींना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. घरच्यांनी त्या कपाटात ठेवून दिल्या. "ही शेवटची औषधं, दिली की माणूस जातं," असं कुणीतरी सांगितलं होतं. आजींनी शेवटचे दोन महिने कण्हत काढले आणि पाकीट तसंच राहिलं.

म्हणून नीट ऐका. मॉर्फिन हे मरणाचं औषध नाही. कॅन्सरच्या वेदनेवर ते महिनोन्‌महिने घेता येतं. साधी गोळी बहुतेक दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. सुरुवातीचे काही दिवस झोप येते आणि मळमळतं, ते पुढे कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. गोळी एकदम बंद करू नका. मात्रा स्वतःच्या मनानं वाढवू किंवा कमी करू नका. दारू आणि झोपेची गोळी यांच्यासोबत तर मुळीच नको. रुग्ण हलवून जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर लगेच रुग्णालयात न्या. गोळ्या कुलपात ठेवा. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत द्या. शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी त्या नाहीत.

व्यसन लागेल का, असं सगळे विचारतात. खऱ्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरल्या मात्रेत घेतलं तर कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन क्वचितच लागतं. अमेरिकेत जे झालं ते देखरेख नसताना, साध्या दुखण्यासाठी आणि लांबच लांब दिलेल्या गोळ्यांमुळे झालं.

या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायचा आणि घरच्यांना सांभाळायचं. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. तिथं ही सेवा मोफत मिळते. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयातही हा विभाग आहे. गावपातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत हीही एक आहे. तेव्हा आशाताईंना विचारा. मागणी आपण केली तरच ती सेवा कागदावरून घरात येईल.

आणि मेडिकलवरची गोळी

लावणीच्या कमरेला मॉर्फिन नको, हे तर कळलंच. पण ट्रॅमाडॉलही नको. काही दुखण्याच्या गोळ्यांत ते मिसळलेलं असतं. 2018 पासून तेही त्याच कडक कायद्याखाली आलं आहे. चिठ्ठीशिवाय ते कुणी देऊ नये आणि आपणही मागू नये. अंगावर पाजणाऱ्या आईनं कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली गोळी किंवा खोकल्याचं औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. दुधातून ते बाळाला जाऊ शकतं आणि त्याचा श्वास मंदावू शकतो.

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशीपोटी आणि रोज घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि बीपी वाढतं. ज्यांना बीपी, शुगर किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कमरेला शेक, अधूनमधून ताठ उभं राहणं, जड ओझं दोघींनी मिळून उचलणं आणि रात्रीची पुरेशी झोप, हे पहिले उपाय आहेत. दोन आठवडे झाले तरी थांबत नाही, पायाला बधिरपणा येतोय, लघवीवर ताबा राहत नाही, ताप आहे किंवा वजन उतरतंय, असं काही असेल तर गोळी बदलू नका, डॉक्टरांकडे जा.

घरात कुणाला गोळ्यांची किंवा खोकल्याच्या औषधाची सवय लागल्याचं दिसलं तर लपवू नका. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत फोन क्रमांक आहे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहेच.

पुढच्या बैठकीत करायचं काम

हप्ते जमा झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं आपल्या पिशवीतलं आणि घरातलं गोळ्यांचं पाकीट आणावं. आशाताईंना बोलवा. कोणती गोळी कशाची आहे, मुदत संपली का, कुणी घेऊ नये, हे त्यांच्याकडून समजून घ्या. मग दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं विचारायचं आणि दुसरीनं त्या पाच गोष्टी सांगायच्या. कुठं, कसं, कधी, कशानं आणि काय करता येत नाही. सुरुवातीला हसायला येईल, येऊ द्या. ज्यांना लिहिता येतं त्यांनी दुसरीचं उत्तर एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. दवाखान्यात जाताना तीच चिठ्ठी सोबत न्यायची.

आणि गटातल्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर एकीनं तरी सोबत जा. डॉक्टरांनी विचारलं की घरच्यांना नम्रपणे सांगा, "दुखतंय तिला, सांगू द्या तिलाच." औषध मिळालं तर विचारून घ्या, हे कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायचं. हे तीन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या गटात काय ठरलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर लावणी जपून करा, पाठीला मध्येमध्ये विसावा द्या. नमस्कार.